अडीचशेपैकी एकशे त्र्याहत्तरावी

खोकं आलं तेव्हा मॉरीन मागच्या दारी चादरी वाळत घालत होती.
"शवपेटी मागवलीस की काय स्वतःसाठी?"
दातांत चिमटा धरूनच हसली.
किंमत मी तिला अर्धीच सांगितली होती.
उरलेली अर्धी तिला ठाऊक होती.

आत मखमल, मखमलीत ती.
जाड चार तारा, अंगावर राखाडी रंग,
संडरलंडच्या धक्क्यापाशी वादळाआधी पाण्याला चढतो तसला.
माथ्यावर क्लेम गॅरिटीची सही.
सोबत जाड कागदाचं प्रमाणपत्र,
अडीचशेपैकी एकशे त्र्याहत्तरावी.

क्लेम असली सही करायचा नाही कधी.
पबच्या उधारीच्या वहीत नुसता एक मासा काढायचा,
खूप झाली असेल तर शेपटीशिवाय.
ही सही म्हणे त्याच्या बहिणीनं शोधून दिली,
पासपोर्टच्या अर्जावरून.

पण कारखान्याचा हात मानला पाहिजे.
मूळ गिटारीचा एकेक ओरखडा मोजून उतरवलाय:
पट्ट्याच्या बकलानं पाठीवर विणलेलं जाळं,
वरच्या शिंगावर सिगारेटचा डाग,
अंगठा टेकायचा तिथं रंग उडून उघडं पडलेलं लाकूड,
शाळकरी पोराच्या गुडघ्यासारखं.
तीस वर्षांची झीज, यंत्रावर एका दुपारात.

आणि मग माझं बोट खालच्या कडेला गेलं.
तिथं एक खळगा आहे,
नखाएवढा, डावीकडे जरा खोल.

एकोणऐंशीचा जानेवारी. कार्लाइल. मागच्या गल्लीत बर्फ.
व्हॅनचं दार मी गुडघ्यानं अडवलेलं,
एका हातात ॲम्प्लिफायर, दुसऱ्या हातात ती, उघडीच,
कारण तिच्या पेटीत आम्ही बाटल्या भरल्या होत्या.
पाय सरकला.
फरशीच्या काठावर ती अशी वाजली
की आत ड्रम जुळवत बसलेला डंकनही थांबला.

क्लेम बाहेर आला. उकिडवा बसला. खळगा चाचपला.
मला आठवड्याचे अठरा पौंड मिळत,
आणि त्या घटकेला तेही मिळणार नव्हते.
तो म्हणाला, "बरं झालं.
चोरीला गेली तर ओळखू येईल."
पुन्हा त्यावर एक शब्द नाही. मरेपर्यंत नाही.

पुस्तिकेत छापलंय:
हा घाव हॅम्बुर्गच्या गाजलेल्या मारामारीतला.
कर्स्टी म्हणते, "बाबा, कळवा ना त्यांना."
काय कळवू?
ओसाकात कोणी दंतवैद्य असेल, ऑस्लोत कोणी वकील,
रात्री दिवा मंद करून ते त्या खळग्यावर बोट ठेवत असतील,
हॅम्बुर्ग, हॅम्बुर्ग म्हणत.
माझं घसरणं अडीचशे घरांत भिंतीवर टांगलंय.
असू दे. हॅम्बुर्ग त्यांना लखलाभ.

मला वाजवता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.
मी उचलायच्या कामावर होतो.
तरी सगळ्यात जाड तार एकदा ओढलीच.
कपाटातले कप थरथरले,
आणि अंगणातून मॉरीननं विचारलं, "ट्रक थांबलाय का?"

मग पट्टा खांद्यावर घेतला.
आणि तिथं कळलं.
वजन चुकलंय.
रंग बरोबर, डाग बरोबर, खळगासुद्धा डावीकडेच खोल,
पण ही अर्धा किलोनं हलकी आहे.
अकरा वर्षं, साडेचारशे गावं, तळघरांतले ते जिने:
हा खांदा खोटं बोलणार नाही.
ते लाकूड आता मिळत नसेल. किंवा परवडत नसेल.
किंवा मोजायला आलेल्या माणसानं
ती कधी उचललीच नसेल.

रात्री वरच्या खोलीत न्यायला निघालो.
मॉरीन म्हणाली, "सांभाळून रे."
पायऱ्या मोजत चढलो, तिला छातीशी धरून,
आणि वर पोचल्यावर, सवयीनं,
दार अडवायला गुडघा पुढे केला.

दार उघडंच होतं.